भातखाचरातून मेंदूत घुसणाऱ्या चोरास खुले पत्र

जपानी मेंदूज्वराच्या विषाणू,

पत्राला मायना लागतो, पण तुझ्यासाठी आदराचा एकही शब्द माझ्यापाशी नाही. चेन्नईची वस्ती विरळ होते, चेंगलपट्टूच्या बाजूला भाताची खाचरं सुरू होतात, आणि तिथून पुढे विळुप्पुरम, कडलूरपर्यंत पाणी साचलेल्या प्रत्येक वाफ्याच्या आडोशाला तू दबा धरून बसतोस. तुझं नाव घेतलं की माणसं घाबरतात, पण तू कसा येतोस, काय करतोस आणि तुला कुठे अडवता येतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. तुझी सगळी ताकद त्या अज्ञानात आहे. म्हणून हे पत्र उघड्यावर लिहिते आहे.

आधी तुझ्या पराक्रमाविषयी. तू स्वतःच्या पायाने कुठेही जात नाहीस. तुला क्युलेक्स ट्रायटीनिओऱ्हिंकस नावाची डासीण लागते. भातखाचराच्या पाण्यात ती वाढते आणि दिवस मावळल्यावर चावायला निघते. बगळे आणि ढोकरी तुला अंगात बाळगतात, त्यांना काही होत नाही. डुकराच्या रक्तात तू भराभर वाढतोस, आणि त्याचं रक्त प्यायलेली डासीण पुढे माणसाला चावते. माणसात आल्यावर तुझी वाटच खुंटते. माणसाच्या रक्तात तू इतका कमी असतोस की त्याला चावलेल्या डासाकडून तू पुढे कुणाला जाऊ शकत नाहीस. म्हणजे ज्या पोराचा तू जीव घेतोस, त्याच्याकडून तुला मिळत काहीच नाही. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवायची, नेम लहान मुलावर धरायचा आणि पदरात काही पाडून न घेता एक घर उद्ध्वस्त करायचं, एवढीच तुझी मर्दुमकी.

तुझी कुळकथा जुनी आहे. जपानमध्ये तुझ्या आजाराची नोंद १८७१ पासून सापडते. १९२४ मध्ये तू तिथे मोठी साथ आणलीस, आणि १९३५ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी एका मृत रुग्णाच्या मेंदूतून तुला बाहेर काढून तुझी ओळख पटवली. आपल्याकडे तुझा पहिला माग लागला तो १९५२ च्या सुमारास, रक्ततपासणीच्या पाहण्यांत. तुझ्याशी झुंजलेल्या शरीरात राहणारी प्रतिद्रव्यं दोन ठिकाणच्या लोकांत आढळली: एक आपलं नागपूर आणि दुसरं मद्रासला लागून असलेलं चेंगलपट्टू. महाराष्ट्र आणि तमिळनाडू तुझ्या वहीत पहिल्या पानावरच शेजारी बसले आहेत.

मग १९५५ उजाडलं. उत्तर अर्काट जिल्ह्यातल्या वेल्लूरला, ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात तापाने फणफणलेली, झटके येणारी, शुद्ध हरपलेली मुलं येऊ लागली. डॉ. वेब आणि डॉ. शीला परेरा यांनी प्रत्येक मुलाची लक्षणं टिपली आणि हा कीटकांमार्फत पसरणाऱ्या विषाणूचा मेंदूज्वर असावा, असं निदान मांडलं. पुण्यात १९५२ साली सुरू झालेलं विषाणू संशोधन केंद्र, म्हणजे आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, तेव्हा अगदी नवं होतं. तिथल्या टी. एच. वर्क आणि कीर्ती शाह यांनी रक्ताच्या तपासणीतून तुझं नाव पक्कं केलं. वेल्लूरच्या डॉक्टरांनी चोर पाहिला आणि पुण्याच्या शास्त्रज्ञांनी त्याला ओळख परेडीत उभा केला. त्या दिवसापासून तू बेनाम राहिलेला नाहीस.

आता तुझी कार्यपद्धती सांगते. डास चावल्यावर तू ४ ते १४ दिवस गप्प बसतोस. तोवर कुठल्या संध्याकाळी, कुठल्या शेताच्या बांधावर डास चावला हे कुणाच्या लक्षातही राहत नाही. तू शिरलेल्या बहुतेकांना काही होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे सुमारे २५० जणांत एकाला गंभीर आजार होतो. पण तो एक ज्या घरातला असतो, त्या घराला या गणिताचा काय उपयोग? एकदा मेंदूला सूज आली की १०० पैकी ३० पर्यंत रुग्ण दगावू शकतात, आणि वाचलेल्यांपैकी ३० ते ५० टक्क्यांच्या वाट्याला कायमचं अपंगत्व येऊ शकतं: हातपायांचा ताठरपणा, फिट्स, बोलण्यातला अडखळा, हरवलेली स्मरणशक्ती, बदललेला स्वभाव. मेंदूच्या आत खोलवर, हालचालींना वळण देणाऱ्या भागांवर तू घाव घालतोस. म्हणून तुझ्या रुग्णाचा चेहरा कधी कधी भावशून्य होतो, हात थरथरतात आणि मान ताठते.

तुझा घाव मी जवळून पाहिला आहे. चेन्नईतल्या एका मोठ्या रुग्णालयात, तमिळ न येणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी मी दुभाष्याचं काम करते. सांगलीच्या खानापूर-आटपाडी भागातली माणसं सोन्याचांदीच्या गलाईचा, म्हणजे ते वितळवून शुद्ध करण्याचा, धंदा करत भारतभर पसरली आहेत आणि तमिळनाडूच्या गावोगावच्या सराफ पेठांतही आहेत. अशाच एका घरातला पाच वर्षांचा मुलगा विळुप्पुरम जिल्ह्यातून आणला होता. पहिल्या दिवशी ताप आणि डोकेदुखी. दुसऱ्या दिवशी दोन उलट्या. गावातल्या दवाखान्यात सुई टोचली, गोळ्या दिल्या, "वायरल आहे, उतरेल" असं सांगून घरी पाठवलं. तिसऱ्या दिवशी पोराने आईला "मावशी" अशी हाक मारली. आईला वाटलं, तापाच्या ग्लानीत बडबडतंय. आजीने मीठमोहरी ओवाळून टाकली. रात्री डोळे वर गेले, उजवा हात आणि तोंड झटके देऊ लागलं, तेव्हा गाडी निघाली.

वॉर्डात डॉक्टरीणबाईंनी पाठीतलं पाणी काढायला परवानगी मागितली. मी मराठीत सांगितलं आणि आजीने तिथल्या तिथे हात जोडले. "नको बाई. पाठीत सुई घातली की पोरगं कमरेतून जातं. आमच्या गावात झालंय तसं." बापाच्या हातात पेन होतं आणि तो सही करत नव्हता. मी डॉक्टरीणबाईंचं बोलणं एकेक वाक्य करून त्यांच्यापुढे ठेवलं. मज्जारज्जू कमरेच्या वरच संपतो, सुई त्याच्या बरीच खाली घालतात, त्यामुळे तो दुखावत नाही. मेंदूभोवतीचंच पाणी तिथपर्यंत आलेलं असतं, आणि त्यातूनच कळतं की आत विषाणू आहे, जिवाणू आहे, की आणखी काही. तुमच्या गावातल्या माणसाचे पाय गेले असतील तर ते ज्या आजारासाठी सुई घातली त्या आजाराने गेले असतील. आजी बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली, मग म्हणाली, "कर सही." ते पाणी तपासायला गेलं आणि त्यात तुझ्याविरुद्धची प्रतिद्रव्यं सापडली.

विषाणू, त्या आजीची भीती तुझी सगळ्यात मोठी हस्तक आहे. सुईच्या भीतीने घालवलेला वेळ तुझ्या पथ्यावर पडतो. तपासणीचंही एक मर्म आहे. आजाराच्या पहिल्या दिवसांत प्रतिद्रव्यं पुरेशी तयार झालेली नसतात, म्हणून पहिला अहवाल नकारार्थी आला तरी तू नाहीस असं ठरत नाही. डॉक्टर काही दिवसांनी पुन्हा तपासणी करायला सांगतात, ती पैसे काढण्यासाठी नसते.

तुझ्यावर औषध नाही, हे मी लपवणार नाही. शास्त्रज्ञांनी प्रयत्न थोडे केले नाहीत. थायलंडमध्ये डेक्सामेथासोन देऊन पाहिलं, व्हिएतनाममध्ये इंटरफेरॉन, लखनौत मुलांना रिबाव्हायरिन. यातल्या एकानेही तुझा घाव हलका केला नाही. पण औषध नाही याचा अर्थ उपचार नाही असा कुणी घेऊ नये. झटके थांबवणं, श्वासाची वाट मोकळी ठेवणं, प्राणवायू देणं, मेंदूतला दाब उतरवणं, ताप आणि साखर सांभाळणं, नळीने अन्न देणं, कुशी बदलत राहून अंगाला जखमा पडू न देणं, या प्रत्येक कामातून एकेक पोर वाचतं. तू मेंदूत धिंगाणा घालत असतोस तेवढा काळ शरीर टिकवून धरायचं, आणि बाकीचं काम शरीराच्या प्रतिकारशक्तीला करू द्यायचं. त्या वॉर्डातल्या परिचारिका दर दोन तासांनी मुलाला कुशीवर वळवत होत्या. तुझ्याशी खरी लढाई त्या लढतात.

आणखी एक गोष्ट सांगते, कारण तुझ्या नावावर बरेच जण खपून जातात. मेंदूला सूज आणणारा तू एकटा नाहीस, आणि तुझ्या जातभाईंपैकी काहींवर नेमकं औषध आहे. ओठावर जर उठवणारा हर्पीस सिम्प्लेक्स कधी कधी थेट मेंदूत शिरतो. त्यावर शिरेतून द्यायचं असायक्लोव्हिर आहे. ते नव्हतं तेव्हा १०० पैकी ७० रुग्ण दगावत, म्हणून आजही शंका आली की डॉक्टर अहवालाची वाट न पाहता ते सुरू करतात. चेन्नईत आणि आसपासच्या जिल्ह्यांत स्क्रब टायफसही आहे. झुडपांतल्या बारीक किड्याच्या चाव्याने तो होतो. काखेत, जांघेत, कमरपट्ट्याखाली काळी खपली दिसली तर तोच असण्याची शक्यता मोठी, आणि डॉक्सिसायक्लिन किंवा ॲझिथ्रोमायसिन वेळेत मिळालं तर रुग्ण बरा होतो. म्हणूनच तापाच्या रुग्णाचं सगळं अंग उघडून पाहायला हवं.

काही मेंदूज्वरांत बाहेरून कुणी आलेलंच नसतं. शरीराची संरक्षक फौजच मेंदूवर उलटते, कुंपणच शेत खातं. त्यातला एक प्रकार २००७ मध्ये डॉ. जोसेप दालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडून सांगितला. तो बहुतेक तरुण मुलींना होतो. काल हसतखेळत असलेली मुलगी आज असंबद्ध बोलते, झोपत नाही, किंचाळते, मग तिला झटके येतात. घरचे तिला "वारं लागलं" म्हणत देवर्षीकडे नेतात, नाहीतर मनोरुग्ण ठरवून मोकळे होतात. तिला गरज असते ती स्टेरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन अशा उपचारांची, आणि कित्येकदा अंडाशयातली गाठ काढण्याची. हे उपचार मिळाले तर बहुतेक जणी सावरतात. बाहेरून येणाऱ्यांत आपल्या नागपूरजवळच्या चांदीपुरा गावाचं नाव लागलेला चांदीपुरा विषाणूही आहे. १९६५ मध्ये तो सापडला. वाळूमाशीतून तो पसरतो आणि लहान मुलांना एकदोन दिवसांत घेऊन जातो. गोवर आणि रेबीज यांच्यापासून होणारा मेंदूज्वरही आहेच, आणि त्या दोघांवर लस कधीपासून हाताशी आहे. एवढी भावकी असल्यावर "मेंदूज्वर आहे, आता देवाच्या हातात" असं म्हणून हातपाय गाळणं गुन्हाच आहे. कोणता मेंदूज्वर, हे आधी शोधलंच पाहिजे.

पण तुझ्याविरुद्ध आमच्याकडे असं एक हत्यार आहे की त्याच्यापुढे तू दात-नखं नसलेला ठरतोस. ते हत्यार म्हणजे लस. २००५ मध्ये गोरखपूर आणि आसपासच्या भागात तू हजाराहून अधिक जीव घेतलेस, त्यात बहुतेक मुलं होती. त्या आक्रोशानंतर २००६ पासून देशात तुझा प्रादुर्भाव असलेल्या जिल्ह्यांत लसीकरण सुरू झालं. २०१३ मध्ये भारत बायोटेकने 'जेनव्हॅक' ही लस आणली. ती कर्नाटकातल्या कोलारला सापडलेल्या तुझ्याच वाणापासून बनवली आहे. तुझ्या जिल्ह्यांत आज सरकारी कार्यक्रमात बाळाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाच्या लसीबरोबर पहिला डोस आणि १६ ते २४ महिन्यांत दुसरा डोस फुकट मिळतो.

मग त्या गलाईवाल्याच्या पोराला का मिळाला नाही? आईने प्लास्टिकच्या पिशवीतून लसीकरणाचं कार्ड काढून दाखवलं, तेव्हा कारण कळलं. बाळंतपण माहेरी, सांगलीकडे झालं. सगळ्या लसी तिथल्या उपकेंद्रात झाल्या, तारखा निळ्या शाईत नीट लिहिलेल्या. तुझ्या लसीचा रकाना मात्र कोरा, कारण ती प्रत्येक जिल्ह्यात दिली जात नाही. पोर दोन वर्षांचं झाल्यावर बापाकडे विळुप्पुरमला आलं. तोवर लसी संपल्या, असं सगळ्यांनी धरलं. सांगलीच्या ताईंनी चूक केली नाही, विळुप्पुरमच्या ताईंना कुणी विचारलं नाही, आणि आईला कुणी सांगितलं नाही. पोट भरण्यासाठी घर सोडलेल्या माणसांची पोरं अशी दोन जिल्ह्यांच्या मधल्या फटीत पडतात, आणि तू नेमका त्या फटीत टपून बसलेला असतोस.

तुझ्या बंदोबस्ताविषयीही काही गैरसमज आहेत, तेही खोडून काढते. चेन्नईच्या कूवम नदीकाठी आणि बकिंगहॅम कालव्याकाठी रात्री घोंगावणारा डास मुख्यतः घाण पाण्यातला. त्याचा बंदोबस्त करायला हवाच, पण तो तुझा मुख्य वाहक नव्हे. दिवसा चावणारा डास डेंग्यू आणतो, त्याचाही तुझ्याशी संबंध नाही. तुझी डासीण शेतातली. म्हणून भातशेतीच्या आसपास राहणाऱ्यांनी संध्याकाळी अंगभर कपडे घालावेत, मुलांना मच्छरदाणीत झोपवावं, आणि डुकरांचा गोठा घरापासून दूर ठेवावा. मदुराईच्या कीटकशास्त्र संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी भातखाचरात निंबोळी पेंड लावलेला युरिया आणि पाणी सलग न साठवता मध्ये मध्ये आटू देण्याची पद्धत वापरून पाहिली, तेव्हा डासांच्या अळ्या कमी झाल्या. शेतकऱ्याला परवडणारी अशी कामं गावपातळीवर रुजायला हवीत.

डुक्कर पाळणाऱ्या वस्तीला गावाबाहेर हाकला, बगळ्यांना गोळ्या घाला, असं म्हणणारेही भेटतात. त्यांना ठणकावून सांगते, वेडंतांगलच्या अभयारण्यातले पक्षी दोषी नाहीत आणि डुक्कर पाळून पोट भरणारा माणूसही नाही. त्या वस्तीतल्या मुलांना तर लस सगळ्यांच्या आधी मिळायला हवी, कारण तुझ्या सगळ्यात जवळ तीच राहतात. आणि तू माणसाकडून माणसाला होत नाहीस, म्हणून रुग्णाच्या घरच्यांना वाळीत टाकण्याचं काहीच कारण नाही.

तो मुलगा वाचला. आज तो चालतो, पण उजवा हात अजून मुठीत वळलेला असतो, आणि शब्द शोधताना तो थांबतो. आई रोज त्याच्याकडून बोटं उघडून घेते, वाटीतले शेंगदाणे एकेक करून उचलायला लावते. फिट्सच्या गोळ्या सुरू आहेत, वाचा-उपचार सुरू आहेत. मेंदूज्वराचा उपचार रुग्णालयातून सुट्टी मिळाली म्हणजे संपत नाही, तो पुढे महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं चालतो, आणि त्याचा भार बहुतेक वेळा एका आईच्या खांद्यावर असतो. शाळेने अशा मुलाला "मठ्ठ" म्हणून मागच्या बाकावर ढकलू नये. त्याला वेळ द्यावा, जास्त वेळा समजावून सांगावं. मेंदू हळूहळू नव्या वाटा शोधतो, आणि त्या शोधण्यात शिक्षकाचा वाटा डॉक्टरांइतकाच असतो.

तुला मुळापासून उपटून टाकता येणार नाही, कारण पाणपक्ष्यांच्या अंगात तू कायम राहणार. पण तुला माणसापर्यंत पोहोचू न देणं पूर्णपणे आमच्या हातात आहे, आणि तेवढं पुरेसं आहे.

शेवटचे शब्द तुझ्यासाठी नाहीत, वाचणाऱ्यांसाठी आहेत. ताप असलेलं माणूस विचित्र वागू लागलं, माणसं ओळखेना, अति झोपाळू झालं, मान ताठली, वारंवार ओकू लागलं किंवा झटका आला, तर "उद्या बघू" म्हणू नका. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या. तमिळनाडूत आणि महाराष्ट्रातही १०८ वर रुग्णवाहिका मिळते. झटका आलेल्याला कुशीवर वळवा, तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका, आणि झटका किती वेळ चालला ते घड्याळात पाहून डॉक्टरांना सांगा. पाठीतल्या सुईला नाही म्हणू नका. आणि भंडारा-गोंदियाच्या भातपट्ट्यात असा, की सांगलीहून विळुप्पुरमला आलेले असा, आजच्या आज मुलाचं लसीकरणाचं कार्ड काढा, जपानी मेंदूज्वराचा रकाना पाहा, आणि तो कोरा असेल तर उद्या सकाळी जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन विचारा.